माळरान आणि माळढोक : वन्य जीव संरक्षणाचा एक धडा

वन्य प्राण्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट अरण्य उभे राहते. मेळघाटचा सागवान, ताडोबाचा बांबू आणि त्यातून डोकावणारा वाघ हेच आपल्या मनातील वन्य जीवनाचे चित्र होय. परंतु सर्वच वन्य जीव अरण्याच्या आश्रयाने राहत नाहीत. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यात पसरलेली उघडी माळराने हेही काही प्राण्यांचे हक्काचे घर आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तणमोर आणि माळढोक ही या घरची मंडळी. यांपैकी माळढोकाची कहाणी आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

माळाचा राजा

माळढोक हा सुमारे एक मीटर उंचीचा, लांब मानेचा, मातकट रंगाचा रुबाबदार पक्षी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोग्रॅमपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. पावसाळा सुरू झाला की नर माळावरची एखादी उंचवट्याची जागा निवडतो, गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमणारा आवाज काढतो. या आवाजावरून त्यास ‘हूम’ असेही नाव पडले आहे. नाकतोडे, टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे आणि शेतातील धान्य असा त्याचा आहार असल्यामुळे पिकांवरील किडींचा तो शत्रू व शेतकऱ्याचा मित्र ठरतो.

मात्र निसर्गाने या पक्ष्यास वंशवृद्धीची देणगी सढळ हाताने दिलेली नाही. मादी साधारणतः वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. सुमारे चार आठवडे ती एकटीच ते उबविते. एखादे भटके कुत्रे, चुकार गुरू किंवा कुतूहलाने जवळ गेलेला माणूस यांच्यामुळे ते एकुलते एक अंडे नष्ट झाले, तर त्या मादीचे ते वर्ष बहुधा वाया जाते.

ऱ्हासाची कारणे

एके काळी पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत भारताच्या पश्चिम भागातील माळरानांवर माळढोक आढळत असे. १९६९ साली त्यांची संख्या सुमारे १,२६० असावी, असा अंदाज करण्यात आला होता. २०१८ च्या सुमारास ती दीडशेच्या आसपास आली. त्यांतील बहुसंख्य पक्षी आज राजस्थानच्या वाळवंटी प्रदेशातच उरले आहेत.

आरंभी बंदुकीने त्यांचा घात केला. मोकळ्या माळावर जीप घालून या पक्ष्यांची शिकार करणे हा अनेकांचा शौक होता. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने माळढोकास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आणि त्याच्या शिकारीस बंदी झाली. बंदूक थांबली, पण माळरान आक्रसतच राहिले. आपल्या कागदपत्रांत माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते, आणि पडीक जमीन म्हणजे कशासाठीही घेता येणारी जमीन असा समज रूढ झाला. कोठे नांगर फिरला, कोठे कारखाना आला, कोठे खाणी निघाल्या. सद्भावनेने केलेले वृक्षारोपणही काही ठिकाणी बाधले. ज्या पक्ष्याला दूरवरचा शत्रू दिसण्यासाठी मोकळे गवत हवे, त्याच्या माळावर गिरिपुष्पासारखी झाडे दाटीने लावली गेली. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे, परंतु ते कोठे लावावे याचाही विचार हवा.

अलीकडच्या काळात विजेच्या उच्च दाबाच्या तारांची भर पडली आहे. माळढोकाची नजर बाजूला दूरवर पोहोचते, पण समोरचे त्यास नीट दिसत नाही. शरीर जड असल्याने ऐन वेळी वळणेही त्यास जमत नाही. राजस्थानातील थरच्या प्रदेशात तारांवर आदळून अनेक माळढोक मृत्युमुखी पडले आहेत.

नान्नजचा प्रयोग

उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे गाव द्राक्ष बागाइतदारांना ‘सोनाका’ या वाणामुळे परिचित आहे. पक्षिप्रेमींना ते माळढोकामुळे माहीत आहे. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली येथील माळाचे काही तुकडे राखून ठेवण्यात आले. चराई थांबताच तेथे गवत वाढले, कीटक आले आणि त्यांच्या मागोमाग माळढोकही स्थिरावले. साधे कुंपण आणि थोडी विश्रांती मिळाली तर माळ पुन्हा जिवंत होतो, हे नान्नजने दाखवून दिले. लांडगे आणि काळविटांनाही त्याचा लाभ झाला.

१९७९ साली महाराष्ट्र शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. हेतू उदात्त होता, परंतु या क्षेत्रात गावे, शेते, रस्ते आणि बाजारपेठा यांचा समावेश झाला. माळढोकाच्या उपयोगाचे गवताळ तुकडे त्यात थोडेच होते. जमिनीचे व्यवहार, बांधकामे, लहानमोठे उद्योग यांवर निर्बंध येताच लोकांच्या मनात नाराजी साचू लागली. ज्या पक्ष्याला कित्येकांनी पाहिलेही नव्हते, तो आपल्या अडचणींचे कारण आहे, असे त्यांना वाटू लागले. पुढे न्यायालयीन प्रक्रियेतून अभयारण्याची फेररचना होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान उजनी प्रकल्पाचे पाणी जिल्ह्यात खेळू लागले होते आणि ज्वारी, करडईच्या अनेक शेतांत ऊस उभा राहिला होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही समृद्धीच होती. माळढोकाच्या दृष्टीने मात्र घराची एकेक भिंत पडत होती. आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तरी ती बातमी होते.

मध्य प्रदेशातील करेरा येथेही असेच घडले. माळढोकासाठी १९८१ साली तेथे अभयारण्य झाले. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे ग्रामस्थ दुरावले आणि १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. अभयारण्य कागदावर उरले. ज्याच्यासाठी ते केले, तो पक्षी मात्र राहिला नाही.

नवे प्रयत्न

राजस्थानने १९८१ साली माळढोकास, म्हणजे तेथील ‘गोडावण’ास, राज्यपक्ष्याचा मान दिला. केंद्र शासन, राजस्थानचा वन विभाग आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्या सहकार्याने जैसलमेर जिल्ह्यात प्रजनन केंद्र सुरू झाले असून २०१९ पासून माळावरील अंडी आणून ती कृत्रिम रीतीने उबविली जात आहेत. २०२४ साली तेथे कृत्रिम रेतनाद्वारे माळढोकाचे पिल्लू जन्माला आले. विजेच्या तारा भूमिगत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला. स्वच्छ ऊर्जेची गरज आणि पक्ष्याचे रक्षण यांचा मेळ घालण्यासाठी २०२४ मध्ये तो प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविण्यात आला.

हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु केंद्रात वाढलेले पिल्लू उद्या सोडावयाचे कोठे? त्यासाठी माळरान शिल्लक हवे.

लोकसहभाग हाच आधार

पूर्वी कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. तोच चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे १९५२ साली जाहीर करावे लागले आणि २०२२ मध्ये तो आफ्रिकेतून आणून कुनोच्या उद्यानात सोडावा लागला. माळढोक आपल्या भारतीय उपखंडाखेरीज जगात अन्यत्र कोठेही नाही. तो गेला तर परदेशातून आणण्याचीही सोय उरणार नाही.

म्हणून माळाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली पाहिजे. गायरान आणि गवताचे पट्टे राखणे, विणीच्या काळात तेथे गुरे व कुत्री न सोडणे, माळावर झाडे लावण्यापूर्वी वन विभागाचा सल्ला घेणे या गोष्टी ग्रामपंचायतींना सहज करता येण्यासारख्या आहेत. वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या पीकहानीबद्दल नुकसानभरपाईची तरतूद महाराष्ट्रात आहे. ती भरपाई वेळेवर शेतकऱ्याच्या हाती पडणे हेही वन्य जीव संरक्षणाचेच काम होय. ज्याच्या बांधाशेजारी लांडगा राहतो आणि ज्याच्या ज्वारीत काळवीट चरते, त्याच्या खांद्यावर हा सारा भार टाकून शहरातील नागरिकांना मोकळे होता येणार नाही.

नान्नजच्या माळावर आजही पहिल्या पावसानंतर गवत हिरवे होते, लांडग्याची पिल्ले बिळाबाहेर खेळतात, काळविटांचे कळप धावतात. या माळाने घुमणारा ‘हूम’ पुन्हा ऐकावा, अशी आपली इच्छा असेल, तर माळाला पडीक म्हणणे आधी सोडून द्यावे लागेल.