गाडी ओढत का नाही?

बैलगाडी चढावर अडली तर शेतकरी काय करतो? लगेच बैल बाजाराला नेत नाही. आधी बैलाकडे बघतो. पोटात वैरण आहे का? धाप लागली आहे का? मग जू आणि जुपण्या बघतो. मग खाली वाकून चाक बघतो. चाकापुढं धोंडा आला असेल, तर बैल कितीही दांडगा असला तरी गाडी हलायची नाही.

मोटारीचंही तसंच आहे. पण मोटार ओढेनाशी झाली की आपली माणसं घाबरतात. मेस्त्री म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." आपण मान डोलावतो. इंजिन खोलणं म्हणजे हजारो रुपयांचं काम. शिवाय गाडी आठ-पंधरा दिवस गॅरेजात उभी. ज्याचं पोट वडापच्या जीपवर आहे, त्याच्या घरी तेवढे दिवस पैसा येत नाही. म्हणून इंजिन खोलू देण्याआधी काय बघावं, ते आम्ही इथं सांगत आहोत. ही माहिती डिझेलवर चालणाऱ्या आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची आहे. तिला फोर-बाय-फोर म्हणतात.

पहिली परीक्षा कानानं करायची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी घ्यावी आणि रेस द्यावी. इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही, असं झालं का? मग बैल चांगला आहे, जुपणी ढिली आहे. इंजिनात जोर तयार होतो, पण तो चाकापर्यंत पोचत नाही. उलट, रेस देऊनही आवाज दबलेलाच राहिला, तर इंजिनला दम कमी पडतो आहे, नाहीतर चाक कुठंतरी अडतं आहे.

चाक अडतं का, हे कळायला सोपं आहे. त्याच सपाट रस्त्यावर गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवावी आणि न्यूट्रल करावी. मोकळी गाडी आपली आपण पुढं जात राहते. अडणारी गाडी लगेच थांबते. हे उतारावर कधीही करू नये. घाटात न्यूट्रल केलेली गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर असते, आणि तापलेला ब्रेक दगा देतो. गाडी अडत असेल तर हँडब्रेक पुरता सुटला आहे का ते बघावं. टायरात हवा कमी आहे का बघावं. थोडं चालवून आल्यावर चाकांजवळ हात न्यावा, लावू नये. एकच चाक जास्त तापलं असेल, तर त्याचा ब्रेक धरून बसला आहे. तो चाकापुढचा धोंडा.

आता इंजिनच्या दमाकडे येऊ. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आपलं इंजिन चालवून दाखवलं. त्याच्यात ठिणगी लागत नाही. आत घेतलेली हवा इतकी जोरानं दाबली जाते, की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे या इंजिनला दोनच गोष्टी हव्यात. भरपूर हवा आणि स्वच्छ डिझेल. लेहसारख्या उंच ठिकाणी हवाच विरळ. समुद्रकाठच्या मानानं तिथं ती सुमारे दोन तृतीयांशच असते. तिथं चांगली गाडीही मंदावते. पण आपल्या गावात हवा कमी का पडावी?

धुळीमुळे. आमच्या ओळखीचा एक वडापवाला आहे. उन्हाळाभर मुरमाच्या रस्त्यानं त्याच्या खेपा चालल्या होत्या. पुढं पुढं गाडी चढावर काळा धूर ओकू लागली. एका गॅरेजात त्याला सांगितलं, इंजिन बसलं. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं हवेचा फिल्टर काढला आणि उन्हाकडे धरला. पलीकडचा उजेडच दिसेना! नवा फिल्टर बसवला, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी चढू लागली.

काळा धूर दिसला की आधी हवेचा फिल्टर काढून बघावा. कागदी फिल्टर हलक्या हातानं झटकावा. पाण्यानं किंवा डिझेलनं धुऊ नये, धुतला की तो वाया गेला. फिल्टर काढून ठेवून गाडी चालवणारे शहाणेही आम्ही पाहिले आहेत. मग धूळ आत जाऊन इंजिन खरोखरच घासतं. फिल्टर स्वच्छ असूनही धूर काळाच, आणि रेस देताना फुस्स असा आवाज येतो, तर टर्बोची रबरी नळी फाटली आहे का ते बघायला सांगावं.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी घटतं आहे, तर गाडी चालवूच नये. या दोन्ही वेळी मेस्त्री इंजिन खोलतो म्हणाला, तर त्याचं खरं असू शकतं.

डिझेलमध्ये पाणी आलं तर गाडी धक्के खाते. पाणी जड, ते फिल्टरच्या तळाशी बसतं. इंजिन बंद करून तळाचा स्क्रू ढिला करावा आणि काचेच्या बाटलीत थोडं धरावं. खाली पाणी, वर डिझेल, असे दोन थर दिसतील. निव्वळ डिझेल येऊ लागलं की स्क्रू घट्ट करावा आणि हातपंप मारून हवा काढावी. इंजिनवरच्या बारीक लोखंडी नळ्या मात्र सोडू नयेत. नव्या गाड्यांत त्या नळ्यांमध्ये टायरातल्या हवेच्या शेकडो पट दाब असतो. ती धार कातडीत घुसते.

जुपणी ढिली, म्हणजे क्लच घसरतो. जळका वास येतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला क्लचचं पायडल नसतं. तिथं गिअरच्या पेटीतलं तेलच जोर पुढं नेतं. ते कमी झालं किंवा जळून काळं पडलं, की आवाज चढतो आणि गाडी रेंगाळते. कंपनीनं सांगितलेलंच तेल घालावं, दुसरं चालत नाही.

गिअरजवळच्या छोट्या दांड्यावरची अक्षरंही वाचावीत. 'फोर एल' म्हणजे चिखलातून ओढायचा हळू गिअर. नांगराला जुंपलेला बैल शर्यतीत पळत नाही, तशी या गिअरात गाडी पळत नाही. तो चुकून पडलेला असतो आणि लोक इंजिनला दोष देतात.

नव्या गाडीत समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. कुठं बिघाड दिसला, तर गाडी स्वतःला जपायला आपणहून जोर कमी करते. अशा वेळी गॅरेजात यंत्र लावून बिघाडाचा आकडा वाचतात. बहुधा एक इंग्रजी अक्षर आणि पुढं चार आकडे असतात. दिवा पुसून टाकण्याआधी तो आकडा कागदावर लिहून घ्यावा. दुसऱ्या मेस्त्रीकडे जायची वेळ आली, तर तो कागद त्याला दाखवता येतो.