कशाला पाहिजे स्पिरिट?

जतच्या पेठेत माझं मेडिकल आहे. करोनात सुरू झालेली एक मागणी अजून थांबलेली नाही: "स्पिरिट द्या, गुळवेलीचा अर्क काढायचाय." मध्यंतरी एक मावशी तर तयार अर्कच घेऊन आल्या. लोणच्याची काचेची बरणी, तळाशी गुळवेलीचे तुकडे, वर हिरवट पाणी. झाकण काढलं तर सुई टोचण्याआधी दंड पुसतात तो वास.

"मावशी, ह्यात काय ओतलंय?"

"स्पिरिट. तुमच्याकडनंच नेलं की पोरानं. रोज चमचाभर घिऊ का?"

अजून तोंडाला लावलं नव्हतं, हे नशीब. आता मी "कशाला पाहिजे?" असं विचारल्याशिवाय बाटली देत नाही. काहींना राग येतो. येऊ दे.

दुकानातलं स्पिरिट कातडीला लावायचं असतं. कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम इतर द्रव्यं मिसळतात. काही स्पिरिटांत आणि थिनरमध्ये मिथेनॉल असतं. ते पोटात गेलं तर आधी साध्या दारूसारखी झिंग येते. खरा त्रास पुष्कळदा बारा-चोवीस तासांनी सुरू होतो: पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढं धुकं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याची नसच निकामी करतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली ती मिथेनॉलनंच. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन गेले. उकळलं की विष उडून जातं, ही तर निव्वळ थाप. शिवाय स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड; ती फरशीवरून सरकत शेगडीपर्यंत पोचते, आणि भर उन्हात त्याची ज्योत धड दिसतही नाही.

"मग कुमारीआसवात दारू असतीच की!" हा ठरलेला प्रश्न. असते, पण ती वरून ओतलेली नसते. गूळ आणि धायटीची फुलं घालून मुरवताना ती आपोआप तयार होते, साधारण पाच ते दहा टक्के, आणि तसं लेबलवर छापलेलं असतं. कारखान्यातलं शुद्ध स्पिरिट राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय मिळत नाही. ओळखीनं मिळवायच्या भानगडीत पडू नका. कॅनमध्ये नक्की काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

घरी करायचंच तर काढा करा. गुळवेलीचं कांड ठेचून चार कप पाण्यात घाला, एक कप उरेपर्यंत आटवा आणि त्याच दिवशी संपवा. वेल जाणकाराकडून ओळखून घ्या. लिव्हरचं दुखणं असेल किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर काढाही डॉक्टरांना विचारूनच.

कुणी स्पिरिट प्यायलंच, तर जतहून सांगली-मिरज लांब आहे हे ध्यानात ठेवा. डोळ्यांपुढं अंधारी येण्याची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. आधी गावातला दवाखाना गाठा, आणि बाटली लेबलासकट बरोबर न्या.