चिंचोक्यांचे दोन डबे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आनुवंशिकतेचं प्रकरण पहिली काही वर्षं फळ्यावरच आटोपायचो: वाटाणा, उंच आणि बुटका, पनेटची चौकट, तीनास एक. मुलं उत्तरं बरोबर लिहायची आणि मला वाटायचं, शिकवून झालं. पण आमच्याकडे ही चौकट वहीत राहत नाही. सिकलसेल इथे घरांत आहे. गोंड, माडिया, परधान आणि तिकडे सातपुड्यात भिल्ल, पावरा अशा समाजांत तो जास्त, पण तेवढ्यावर थांबलेलाही नाही. पुस्तक त्याला दात्रपेशी पांडुरोग म्हणतं, गावात त्याचं नाव सिकलसेलच. मला जे उशिरा उमगलं, ते तरुण शिक्षकांसाठी लिहून ठेवतो.

१. गुणोत्तर सांगण्याआधी हाताने काढू द्यावं.

दोन रिकामे डबे घ्यायचे. एक बापाचा, एक आईचा. प्रत्येकात दोनच चिंचोके, एक साधा तपकिरी आणि एक चुना लावलेला. न बघता दोन्ही डब्यांतून एकेक काढायचा, जोडी लिहायची, चिंचोके जिथले तिथे परत टाकायचे. चाळीस मुलं प्रत्येकी दहा वेळा हे करतात. कुणाच्या दहात दोन्ही पांढऱ्यांची जोडी एकदाही येत नाही, कुणाच्या चार वेळा येते. मुलं म्हणतात, "सर, माझं चुकलं." चुकलेलं काहीच नसतं. सगळ्यांची बेरीज फळ्यावर मांडली की चारशेत शंभराच्या आसपास आकडा येतो आणि वर्ग गप्प होतो.

मग मी मेंडेलचे आकडे सांगतो. ब्र्नोच्या मठातल्या या माणसाने १८५६ ते १८६३ वाटाण्याची झाडं वाढवली. संकरित झाडांच्या बियांत त्याने ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या मोजल्या, म्हणजे २.९६ ला १. पण त्याने सुट्या झाडांचेही आकडे छापले. त्यातल्या एकावर १९ गोल आणि १० सुरकुतलेल्या होत्या, म्हणजे दोनास एकसुद्धा धड नाही. तो तेवढ्यावर थांबला असता तर त्याला नियम दिसलाच नसता. १८६५ मध्ये त्याने हे काम वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, १८८४ मध्ये तो वारला. जगाने त्याची दखल १९०० साली घेतली. मुलांना हे मी आवर्जून सांगतो, कारण मोजत राहण्याला लागणारी चिकाटी चौकटीत दिसत नाही.

२. 'चारात एक' हा वाटा नव्हे.

हे शिकायला मला सगळ्यांत जड गेलं. एका पालकसभेत मी सांगितलं होतं: आई आणि बाप दोघेही वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचे असतील, तर चारात एक मूल एसएस, म्हणजे आजारी होण्याची शक्यता असते. वाक्य बरोबर होतं. सभेत एक बाई होत्या, त्यांचा मोठा मुलगा एसएस. दोन-अडीच वर्षांनी त्या कडेवर लहानगी घेऊन भेटल्या. तीही एसएस निघाली होती. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही त चारात एक म्हनलं होतं नं जी. एक झाला होता आमचा. मंग आता पुढचे तीन बरे होतीन असं वाटलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मी ते वाक्य एकटं कधी बोललो नाही. डबे पुढे ठेवतो, दोन पांढऱ्यांची जोडी निघाली की विचारतो, "आता डब्यात काय उरलं?" चिंचोके परत गेलेले असतात. डबा तसाच असतो, मागच्या खेपेला काय निघालं ते त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा तीच, चारात एक. दोन मुलं असतील तर दोघंही आजारी निघण्याची शक्यता सोळात एक. ती लहान आहे, पण ज्या घरात तसं घडतं त्या घरात ती पूर्ण घडलेली असते. उलट, चार मुलं झाली तरी चारही मुलं या आजारातून सुटण्याची शक्यता जवळपास ३२ टक्के. आणि पुढचं वाक्य त्याच सभेत सांगायला हवं होतं: गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाचा पॅटर्न कळू शकतो. आकडा सांगायचा आणि वाट सांगायची नाही, हे अर्धवट शिकवणं झालं.

३. 'प्रभावी' हा शब्द जपून वापरावा.

मुलांना वाटतं प्रभावी म्हणजे चांगलं, बलवान, जास्त लोकांत आढळणारं. हाताला सहावं बोट असणं पुष्कळदा प्रभावी जनुकामुळे असतं, तरी सहा बोटांची माणसं किती दिसतात? आणि ओ रक्तगट अप्रभावी असून गावभर असतो. प्रभावी म्हणजे जोडीत एकच असलं तरी दिसून येणारं, एवढंच.

४. जीभ गुंडाळण्याचा प्रयोग सोडून द्यावा.

कोण जीभ नळीसारखी वळवतं, हे बघून 'हा एका जनुकाचा गुण' म्हणायची जुनी पद्धत आहे. तसं १९४० साली मांडणाऱ्या स्टर्टेव्हंटनेच पुढे ते मागे घेतलं. एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला जमत नाही. हसतखेळत केलेल्या या प्रयोगामुळे एखादं पोर घरी जाऊन बापाची जीभ तपासतं आणि नको ती शंका घेऊन बसतं.

५. दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं.

सिकलसेलमध्ये बिघाड केवढासा असतो, हे मी सावकाश सांगतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन सुटल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांड्या होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. अंगात रक्त टिकत नाही ते यामुळे, आणि हाडं फोडणाऱ्या वेदना येतात त्या वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात म्हणून.

तरीही जन्मलेलं बाळ ठणठणीत असतं. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळीच नसते. ते ओसरू लागलं की साधारण सहाव्या महिन्यानंतर आजार दिसायला लागतो. नेमकं तेव्हाच उष्टावण झालेलं असतं, पाळणा हललेला असतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, नजर लागली. किंवा म्हणतं, सुनेच्या माहेरचं आहे. एसएस मुलात एक एस आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. एकटी आई ते देऊच शकत नाही. हे वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेतो, घरी जाऊन आजीला सांगा म्हणतो. मुलगा-मुलगी ठरण्याचं तसंच: आईकडून एक्सच येतो, एक्स की वाय ते बापाकडून. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर १९८८ साली कायदा केला, तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च. म्हणजे हा धडा अजून घरोघरी पोचलेला नाही.

६. कुणाचा पॅटर्न वर्गात वाचू नये.

आमच्याकडे रक्ततपासणीचं शिबिर झालं. आधी सोल्युबिलिटी, त्यात सापडलेल्यांची इलेक्ट्रोफोरेसिस. यादी माझ्या हाती आली आणि मी ती हजेरी घ्यावी तशी वाचली. कोण एए, म्हणजे एस नसलेला, कोण एएस. अकरावीतली एक मुलगी एएस होती. वाहकाला सहसा कसलाही त्रास नसतो. आफ्रिकेत हे जनुक टिकलं त्याचं एक कारणच असं, की वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरंच संरक्षण मिळतं. ॲलिसनने ते १९५४ साली दाखवलं. मी हे सगळं यादीनंतर समजावलं. पण गावात समजावणं गेलं नाही, यादी गेली.

दोन वर्षांनी तिची सोयरीक मोडली. "पोरीच्या रक्तात आहे." मुलगा एए होता. एए आणि एएस यांच्या चौकटीत एसएस येतच नाही: निम्मी शक्यता एए ची, निम्मी एएस ची, आजारी मूल नाही. मी डबे घेऊन त्या घरी गेलो. बापाच्या डब्यात दोन्ही तपकिरी टाकले, पन्नास वेळा जोडी काढून दाखवली. त्यांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं, आणि नकार नकारच राहिला.

आता १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम आहे, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी तिने ठरवली आहे. फार मोठं आणि हवंच असलेलं काम. ज्यांच्या हाती याद्या येतील त्यांना हात जोडून सांगतो: कागद घडी घालून ज्याचा त्याला द्या, आईबापासमोर द्या, आणि समजावणं आधी, निकाल नंतर.

७. घरच्यांच्या रक्तगटांचा तक्ता गृहपाठाला देऊ नये.

मी दिला होता. एका मुलाच्या तक्त्यात आई ओ, बाप ओ आणि तो स्वतः ए. शेजारच्याने मोठ्याने म्हटलं, "असं होत नाही." मुलाचा चेहरा मला आजही आठवतो. मी लगेच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट सांगितला: ज्यांच्या पेशींवर एच पदार्थच नसतो ते साध्या तपासणीत ओ वाटतात, पण ए किंवा बी चं जनुक पुढे देऊ शकतात. शिवाय तपासणी चुकू शकते, मूल दत्तक असू शकतं, आणि त्यातलं काय खरं हे विचारण्याचा अधिकार वर्गाला नाही. तेव्हापासून कुटुंबं मी कल्पनेतली देतो.

८. चौकटीतलं एखादं घर कधी खोडावं लागतं.

निवृत्तीच्या वर्षी बारावीला विचारलं: आईबाप दोघे एएस, एक मुलगा एसएस, त्याची बहीण निरोगी. ती वाहक असण्याची शक्यता किती? सगळे म्हणाले, निम्मी. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून फळ्यापाशी आली. तिने चौकटीतलं एसएसचं घर खडूने खोडलं.

"हे घर माझ्या भावाचं आहे सर. मी त्यात नाही. उरले तीन. त्यातले दोन एएस. तीनात दोन."

मी विचारलं, "तुझी तपासणी झाली आहे?"

"नाही. आईला भीती वाटते." ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या दादाला रक्त चढवायला न्यायचंच आहे. माझंही देऊन येते."