थोर मल्ल कोण?

'तालीम' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पण मराठीत 'तो तालमीत जातो' असे कोणी म्हटले, तर तो शाळेत जातो असे समजू नका. मराठीत तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. तिथे शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे तुमचा उस्ताद. पहिलवान, खुराक हे शब्द तर दोन्ही भाषांत आहेत. आज या तालमीतल्याच एका वादाचा विचार करू.

थोर मल्लांची नावे विचारली, की बहुतेक जण आधी गामा पहिलवानाचे नाव घेतात. खाशाबा जाधवांचे नाव मागून येते, कधी येतही नाही. हे बरोबर आहे का? दोन्ही बाजू ऐका. पंच तुम्हीच व्हा.

आधी गामाची बाजू पाहू. गामा कुस्तीवरच पोट भरणारा, धंदेवाईक मल्ल होता. १९१० साली लंडनमध्ये त्याची झिबिस्को या बलाढ्य पोलिश मल्लाशी कुस्ती झाली. झिबिस्को दोन तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती निकाली झाली नाही. पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा तो आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. अशा मल्लाला थोर कोण म्हणणार नाही?

आता खाशाबांची बाजू. आपल्या वाकडवरून जाणारा मुंबई–बंगळूर महामार्ग साताऱ्यावरून पुढे कराडला जातो. कराडजवळच्या गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हेही मल्ल होते. खाशाबांचा देह लहान होता. पण प्रतिस्पर्ध्याची मान कवेत पकडून त्याला खाली फेकण्याचा 'ढाक' हा डाव त्यांच्या हातात बसला होता.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तिथे माती नव्हती, गादी होती. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली, की निकाल लागतो. तिथे ठरलेल्या वेळेत चीत झाली नाही, तर पंच निकाल देत. मातीत वाढलेल्या मल्लाला हे सारे नवे होते. तरीही खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. ते निराश झाले नाहीत. परत येऊन त्यांनी जोमाने सराव केला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले, पण पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी या विद्यार्थ्यासाठी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. गावकऱ्यांनीही वर्गणी जमवली. हेलसिंकीत खाशाबा आधीच्यापेक्षा वरच्या वजनी गटात, म्हणजे ५७ किलोच्या गटात लढले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह या दोघांकडून मात्र ते हरले. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक होते.

तुमच्यातला एखादा म्हणेल, "सर, गामा तर हरला नाही, आणि हे तिसरे आले!" शंका रास्त आहे. पण खाशाबांना हरवणारे कोण होते? इशीला सुवर्ण मिळाले आणि मामेदबेकोव्हला रौप्य. दुसरा म्हणेल, "त्यांनी मोठ्या देहाच्या मल्लाला कुठे पाडले?" पण तराजूवर वजन मोजून जोड लावतात ते कशासाठी? देहाचा फायदा कोणालाच मिळू नये म्हणून. मग उरते ती चपळाई, डाव आणि अक्कल. आपल्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. केसाएवढ्या मापाचा सुटा भाग अचूक बनवणाऱ्याला तिथे हुशार कारागीर म्हणतात. त्याच्या दंडाचा घेर कोणी मोजत नाही.

मग खाशाबांचे नाव मागे का राहिले? त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. गावाकडे मात्र १५१ बैलगाड्यांनी त्यांची मिरवणूक निघाली. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव मिळाले ते २०१० मध्ये. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळाले १९९६ मध्ये, लिएंडर पेसमुळे. कुस्तीत दुसरे पदक यायला २००८ साल उजाडले. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडले. ते नेमबाज स्वप्नील कुसाळेने आणले. एकाने केले ते दुसऱ्याला करायला किती वर्षे लागली, यावरूनही थोरवी कळते.

माझे मत विचाराल, तर गामाच्या शेजारी खाशाबांना जागा द्यावी. गामाची ताकद आपण नुसती नवलाने पाहावी. खाशाबांनी मात्र हरल्यावर नवे नियम शिकून घेतले आणि चार वर्षांनी पदक आणले. हे तुम्हा-आम्हाला करता येण्याजोगे आहे. उर्दूतली तालीम आणि मराठीतली तालीम त्यांच्या बाबतीत एकच झाली. आता तुमचा निकाल द्या. पण कारणांसह द्या.

शब्दार्थ
मल्ल – पहिलवान
चीत करणे – पाठ जमिनीला लावून हरवणे
गहाण ठेवणे – कर्जासाठी वस्तू किंवा घर तारण देणे
रास्त – योग्य
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेले

स्वाध्याय
१. 'तालीम' या शब्दाचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.
२. प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण का ठेवले?
३. 'खाशाबा हे थोर मल्ल होते' या मताच्या बाजूने दोन आणि विरुद्ध दोन मुद्दे लिहा.