सिन्नरच्या बाजरीचे पान ऊन कसे पकडते?

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस बेताचा, पण उन्हाला तोटा नाही. तेथील बाजरीच्या पानावर पडलेल्या उन्हाचे पुढे काय होते?

पानातील हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. हिरवा प्रकाश त्या मानाने कमी शोषला जातो, म्हणून पान हिरवे दिसते. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान याने १८८२ च्या सुमारास शेवाळाच्या तंतूवर लोलकाने वर्णपट पाडला. ऑक्सिजनकडे धाव घेणारे जीवाणू तांबड्या व निळ्या भागांतच गर्दी करून जमले!

हरितद्रव्याचे शेकडो रेणू गटाने काम करतात. एका रेणूने शोषलेली ऊर्जा शेजारच्या रेणूकडे, तेथून पुढच्याकडे, अशी हातोहात जाते. सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या आत ती प्रक्रिया-केंद्रातील खास हरितद्रव्याकडे पोचते. तेथून एक इलेक्ट्रॉन सुटतो. ऊन खऱ्या अर्थाने पकडले जाते ते या क्षणी. इलेक्ट्रॉनची रिकामी जागा पाण्याच्या रेणूतून भरून निघते. पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतून एटीपी व एनएडीपीएच ही संयुगे तयार होतात आणि त्यांच्या बळावर कार्बन डाय-ऑक्साइडपासून साखर बनते.

पाऊस ओढ देतो तेव्हा पाणी वाचवण्यासाठी पान आपली छिद्रे मिटते. कार्बन डाय-ऑक्साइड आत येईनासा होतो, पण ऊन थांबत नाही. न वापरलेली ही ऊर्जा पेशींना इजा करू शकते. अशा वेळी काही पिवळी रंगद्रव्ये ती उष्णतेच्या रूपाने सोडून देण्यास मदत करतात. बाजरीजवळ आणखी एक सोय आहे. ती कार्बन डाय-ऑक्साइड पानाच्या आतल्या पेशींत गोळा करून दाट करते. त्यामुळे छिद्रे थोडीच उघडी असली तरी भागते. गव्हाला ही सोय नाही.

करून पाहा : पालकाची पाने स्पिरिटमध्ये खलून गाळा. (शिक्षकांच्या देखरेखीखाली, स्पिरिटजवळ ज्योत नको, चव घेऊ नका.) हिरवे द्रावण परीक्षानळीत घेऊन अंधाऱ्या खोलीत त्यावर विजेरीचा झोत टाका आणि बाजूने पाहा. द्रावण लालसर चमकेल. साखळीतून सुटलेल्या हरितद्रव्याला ऊर्जा पुढे देण्यास कोणी उरलेले नसते, म्हणून ते तिचा काही भाग तांबड्या प्रकाशाच्या रूपाने टाकून देते.

आता सांगा : अखंड पान असे चमकताना का दिसत नाही?