परमा झाला की एचआयव्ही का बळावतो?

प्रश्न : परमा (गनोरिया) जिवाणूंचा रोग, एचआयव्ही विषाणू. मग एचआयव्ही असलेल्याला परमा झाला की डॉक्टर एवढी काळजी का करतात?

उत्तर : शंका रास्त आहे. परमा चिघळून त्याचा एचआयव्ही होतो, असं काहीजण मानतात. तसं मुळीच नाही. दोन्ही रोग वेगळे. गाठ पडते ती आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशींत.

एचआयव्ही मुख्यतः यांतल्या सीडी-4 नावाच्या पेशींत घर करतो आणि त्यांच्या डीएनएमध्ये आपल्या जनुकांची प्रत घुसवून ठेवतो. पेशी शांत असेल तर ही प्रतही बहुधा निपचित पडून असते. परम्याच्या जिवाणूंनी बाहेर टाकलेले काही रेणू पेशीने ओळखले, की एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन तिच्या केंद्रकात शिरतं आणि बचावाची जनुकं चालू करतं. दुर्दैव असं, की एचआयव्हीच्या जनुकांच्या सुरुवातीलाही या प्रथिनाला बसायची जागा असते. चोर आला म्हणून केलेल्या आरड्याओरड्याने माळ्यावर दडलेला दुसरा चोर जागा व्हावा, तशी गत! शिवाय सूज आलेल्या जागी नव्या सीडी-4 पेशी धावून येतात आणि विषाणूला आयत्याच सापडतात.

मलावीत एचआयव्हीची औषधं सुरू नसलेल्या 135 बाधित पुरुषांची पाहणी झाली. ती 1997 साली प्रसिद्ध झाली. मूत्रमार्गाला सूज (परम्यात ती येतेच) असलेल्यांच्या वीर्यात विषाणू सूज नसलेल्यांच्या सुमारे 8 पट निघाला. रक्तात मात्र फरक नव्हता! म्हणून एचआयव्हीची औषधं सुरू नसताना नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. प्रतिजैविकं दिल्यावर दोन आठवड्यांत वीर्यातलं प्रमाण उतरलं.

पण प्रतिजैविकांनी एचआयव्ही बरा होत नाही. डीएनएमधली प्रत तिथेच राहते. तिला आवर घालते ती एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं. विषाणू जागा झाला तरी ही औषधं त्याला नव्या पेशींत बस्तान बसवू देत नाहीत. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात, रक्तात विषाणू दबलेला असताना, इतर गुप्तरोग होऊनही बाधित जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही.

स्त्रियांमध्ये परम्याची लक्षणं बरेचदा दिसतच नाहीत. म्हणून सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या दवाखान्यात) जाताना जोडीदारालाही बरोबर न्या. एकट्यानेच औषध घेतलं, तर परमा पुन्हा होऊ शकतो.