खजुराची पिशवी भरताना

डहाणू, वैशाख

चि. बाळा,


तलासरीच्या जमिनीसाठी बरही खजुराची रोपं आणायचं तू ठरवलंस, असं तुझ्या आईकडून कळलं. कच्छहून लिहून आणलेलं मातीचं प्रमाण मात्र जसंच्या तसं उचलू नकोस. तिकडे वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे २००० च्या आसपास आणि तोही चार महिन्यांत. त्यांना ओल टिकवायची असते, आपल्याला ती काढून द्यायची असते.

खजुराला पाणी भरपूर लागतं, पण मुळाला हवाही लागते. पिशवीत पाणी तुंबलं की मुळं काळी पडतात आणि वर पान पिवळं दिसेपर्यंत खाली सगळं संपलेलं असतं. तेव्हा मिश्रण जुलैची झड डोळ्यांपुढे ठेवून कर.

निम्मी नदीची जाड वाळू, पाव भाग भाजून काळं केलेलं भाताचं तूस, उरलेल्या पावात चाळलेली माती आणि मुरलेलं शेणखत. खाचरातली चिकणमाती नको, ती वाळूतल्या फटी बुजवते. बोर्डी-चिंचणीच्या किनाऱ्यावरची रेतीही नको. खारेपणा खजूर सोसतो, पण ती बारीक रेती भिजली की दडपून बसते.

शेणखताबाबत मी हट्टीच आहे. अर्धवट कुजलेल्या खतात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि नारळाचा गाभा पोखरणारा तो भुंगा खजुरालाही सोडत नाही. खड्डा उपसताना पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या दिसल्या तर वेचून मारल्याशिवाय खत पुढे नेऊ नकोस.

पिशवी रुंदीपेक्षा उंचीला जास्त घे, मूळ आधी खाली धावतं. तळाशी खडी घालायची जुनी रीत सोड. तिनं पाणी निघत नाही, उलट ओल खडीच्या वरच अडते. त्यापेक्षा भोकं वाढव. रोप लावताना गाभ्यावर माती चढू देऊ नकोस.

सगळ्या पिशव्या भरण्याआधी एकच भरून तिच्यात तांब्याभर पाणी ओत. वर तळं साचून राहिलं तर वाळू वाढव.

फळ आपल्या पावसात सापडेल का, हा प्रश्न मातीहून मोठा आहे. बरही पिवळी असतानाच ताजी खातात, त्यामुळे थोडी सवड मिळते, पण आपला जून कुणाची वाट पाहत नाही. रोपांचे पैसे देण्याआधी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन ये. आणि तुसासाठी भातगिरणीवाल्याला आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
काका